कोरियाला शिकायला निघताना भाषेची तयारी, मराठीतून

कोरियातल्या विद्यापीठांची सत्रं मार्च आणि सप्टेंबरला सुरू होतात. सप्टेंबरला येणारी मुलं मे-जूनपासूनच विचारायला लागतात, ताई, काय काय आणू? मसाले, कुकर, थंडीचं जॅकेट हे घरचे सांगतीलच. मी सांगते ती तयारी भाषेची, आणि त्यात माझा एकच आग्रह आहे. कोरियन इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. मी पहिले तीन महिने इंग्रजी पुस्तक समोर ठेवून जे नियम पाठ करत होते, त्यातले कितीतरी मला लहानपणापासून येत होते.

विमानात बसण्याआधी लिपी आलीच पाहिजे. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये हंगुल तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. आज वापरात असलेली मूळ अक्षरं २४, त्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर. रोज तासभर दिलात तर आठवडाभरात अडखळत का होईना वाचता येतं. रोमन अक्षरांत लिहिलेलं कोरियन पहिल्याच दिवशी बंद करा, कारण त्याने उच्चार कायमचे बिघडतात. मी इथे देवनागरीत लिहितेय तेही फक्त ओळख करून देण्यापुरतं. हंगुलची मांडणी तुम्हाला परकी वाटणार नाही. आपल्या वर्णमालेसारखीच ती उच्चारस्थानांवर बेतलेली आहे, आणि बहुतेक अल्पप्राण व्यंजनांना एक रेघ वाढवली की त्यांचं महाप्राण होतं.

उच्चारांसाठी आरशासमोर वेळ द्या. चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांच्या कोरियन शब्दांत फक्त पहिल्या व्यंजनाचा फरक आहे. मुखवट्याचा 'थाल' आपल्या 'थ'नेच म्हणायचा. मुलीचा 'त्ताल' घट्ट, श्वास न सोडता, आपल्या 'त'च्या अगदी जवळचा. चंद्राचा 'ताल' या दोन्हींच्या मधला, आणि तोच जरा सरावाने येतो. म्हणजे तीनातले दोन आपल्या जिभेवर आधीच आहेत.

शाळेतलं संधीप्रकरणही आठवून ठेवा. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. कोरियनमध्ये सूपच्या रश्श्याला 'गुक-मुल' लिहितात आणि 'गुङमुल' म्हणतात. 'हाप-निदा' लिहिलेलं 'हामनिदा' ऐकू येतं. नियम तोच आहे, पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्या वर्गातलं अनुनासिक होतं. हे एकदा लक्षात आलं की 'लिहिलंय एक आणि बोलतात भलतंच' ही तक्रार उरत नाही.

व्याकरणाची तर खरी मजा आहे. क्रियापद शेवटी येतं आणि नामाला प्रत्यय लागतात, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला आनंद झाला तो जोडक्रियापदांचा. 'मॉक्ता' म्हणजे खाणे, 'मॉगॉ' म्हणजे खाऊन. 'बोदा' म्हणजे बघणे, म्हणून 'मॉगॉ बोदा' म्हणजे खाऊन बघणे. 'दुदा' म्हणजे ठेवणे, तर 'मॉगॉ दुदा' म्हणजे खाऊन ठेवणे. 'बॉरिदा' म्हणजे टाकणे, फेकणे, आणि 'मॉगॉ बॉरिदा' म्हणजे खाऊन टाकणे! इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला अर्धं पान समजावावं लागतं. आपण आईला 'सगळं खाऊन टाकलं' म्हणतो तेव्हा जो अर्थ असतो, तोच इथे आहे. वहीत एक पान यासाठीच राखून ठेवा आणि मराठी जोड्या स्वतः लिहा.

आकडे पाठ करा, दोन्ही संच. घड्याळातले तास शुद्ध कोरियन आकड्यांत आणि मिनिटं चिनी मुळाच्या आकड्यांत सांगतात. साडेतीन म्हणजे 'से शी साम्शिप पुन'. पैसे नेहमी दुसऱ्या संचात. मोठ्या रकमा दहा हजारांच्या 'मान'मध्ये मोजतात, म्हणून 'शिम्मान' ऐकलं की एक लाख समजा.

कुणाला कशी हाक मारायची हेही आधीच शिकून या. वाक्याच्या शेवटी 'यो' लावून बोलायची सवय ठेवा. ते आपल्या अहो-जाहोच्या जवळचं आहे आणि अनोळखी माणसाशी त्याशिवाय बोलू नये. कुणी वय विचारलं तर रागावू नका, बोलायचं कसं हे त्यावरून ठरतं. मोठ्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी' म्हणते आणि मुलगा 'नुना', आणि ही नाती ओळखीच्या मोठ्यांनाही लागतात, आपल्या ताई-दादासारखी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते, तिची वेळ लवकर घ्या. तोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो, तेव्हा ती कधी द्यायची ते प्रवेशाच्या तारखा बघून ठरवा. शब्दकोशासाठी नेव्हर आणि भाषांतरासाठी पापागो फोनमध्ये घालून या.

शाकाहारी असाल तर एक वाक्य झोपेतही यायला हवं. 'प्पे जुसेयो', म्हणजे शब्दशः 'काढून द्या'. त्याच्या आधी पदार्थाचं नाव घाला. नुसतं 'गोगी', म्हणजे मांस, म्हणून भागत नाही. हॅम, मासळी, फिशकेक वेगवेगळे सांगा, आणि किमचीत बहुधा मासळीचा अर्क असतो हे धरून चाला. माझ्या वसतिगृहाजवळ किमबापचं, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या रोलचं, छोटं दुकान आहे. तिथल्या बाईंना सगळे 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशी, जशी आपण खानावळीत हाक मारतो तशी. दुसऱ्या महिन्यात एकदा मी म्हटलं, 'इमो, हेम प्पे जुसेयो.' त्यांनी भात पसरता पसरता मान वर न करता विचारलं, 'ग्येरानुन्यो?' आणि अंड्याचं? मला पहिल्यांदाच उलटा प्रश्न जसाच्या तसा कळला होता. मी म्हटलं, 'ग्येरानुन ग्वेनचानायो.' अंडं चालेल.