जुन्या ट्रकचे इंजिन: स्वतः उघडावे की मिस्त्रीकडे न्यावे?

टाटा ४०७ मधले ४९७ आणि मोठ्या जुन्या गाड्यांमधले ६९७ ही इंजिने मालकाला हात घालण्याचा मोह पाडतात, कारण त्यांच्या यांत्रिक पंपाच्या जुन्या आवृत्त्यांत संगणक किंवा सेन्सर नसतो आणि बिघाड बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो किंवा कानांना ऐकू येतो. (नावातला पहिला अंक सिलिंडरांचा, पुढचे ९७ म्हणजे बोअरचे, अर्थात सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर.) मात्र पाने घरात आहेत एवढ्यावर निर्णय घेऊ नये. काम चुकले तर किती नुकसान होईल आणि ती चूक गाडी माल भरून घाटाला लागण्यापूर्वी लक्षात येईल का, हे आधी विचारावे.

त्यासाठी प्रथम निदान करावे. इंजिन गरम असताना आणि स्लोवर चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून तोंडावर उलटे ठेवावे. थोडी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, परंतु झाकण थडथड उडू लागले तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत आहे, म्हणजे पिस्टनवरच्या रिंग आणि सिलिंडरचे आतले अस्तर (लायनर) झिजले आहेत असे बहुधा समजावे. त्यासोबत निळा धूर आणि वरचेवर ऑइल भरावे लागणे असेल तर शंकेला जागा उरत नाही. काळा धूर दिसल्यास मात्र घाबरण्यापूर्वी एअर फिल्टर पाहावा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) फुटल्याची शंका घ्यावी आणि गाडी तिथेच बंद ठेवावी.

ऑइल, फिल्टर, पट्टे, होजपाइप ही कामे निःसंकोच स्वतः करावीत. डिझेल लाइनने एअर घेतली असेल तर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावे, फेसाळ डिझेल संपून अखंड धार येऊ लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. टॅपेट सेटिंगही (व्हॉल्व्हची फट ठरवणे) फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि कंपनीच्या पुस्तकातले माप हाताशी असल्यास जमते. अंदाजाने करण्याचे ते काम नव्हे.

डिझेल पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) यांना मात्र हात लावू नये. त्यांची तपासणी टेस्ट बेंचवरच होते, आणि नोझलमधून सुटणारा फवारा कातडीत घुसू शकतो, म्हणून गळती बोटाने कधीही शोधू नये.

हेड गॅस्केटचे काम सीमेवरचे आहे. हेड उतरवणे अवघड नाही; अवघड आहे ते सपाट आहे का, तडा गेला आहे का हे तपासणे आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळणे. माझ्या मते इथे काम वाटून घ्यावे: उतरवण्याचे काम आपण करावे, हेड तपासणीसाठी मशीन शॉपमध्ये द्यावे आणि बसवताना मिस्त्रीला रोजावर बोलवावे. उतरवताना पुठ्ठ्याला ओळीने भोके पाडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) आपापल्या भोकात खोचून ठेवावा, कारण झिजलेले भाग एकमेकांशी जुळलेले असतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर नवा खडखडाट सुरू होतो.