मायनर लीगचा विस्तार हवा का, हे कसे ठरवावे

मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीग, आणि तिच्यासाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या लीग म्हणजे मायनर लीग. मेजर लीगमधील प्रत्येक क्लबाकडे वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए या चार पायऱ्यांवर एकेक, म्हणजे 30 क्लबांचे मिळून 120 संलग्न संघ आहेत. त्यांच्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोना येथील प्रशिक्षण संकुलांतील लीग व डोमिनिकन प्रजासत्ताकातील उन्हाळी लीग आहे. 2020 पर्यंत संलग्न संघांची संख्या 160 होती. आपल्या आवडीच्या क्लबाने पुन्हा संघ वाढवावेत का, याचा निर्णय भावनेवर सोडू नये. तो आकडेमोडीने करता येतो.

प्रथम खेळाडूंची मर्यादा पाहावी. प्रत्येक क्लबाची अमेरिकेतील मायनर लीग खेळाडूंची राखीव यादी, म्हणजे क्लबाला ताब्यात ठेवता येणाऱ्या खेळाडूंची कमाल संख्या, 2024 मध्ये 180 वरून 165 वर आली आणि 2019 मध्ये 40 फेऱ्यांचा असलेला ड्राफ्ट (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक प्रक्रिया) 2021 पासून 20 फेऱ्यांचा झाला. ही मर्यादा तशीच ठेवून पाचवा संघ उभारला, तर आहेत तेच खेळाडू विरळ पसरतील आणि प्रत्येक संघाला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, कमी पडतील. म्हणून संघाची मागणी करण्यापूर्वी यादी वाढवण्याची मागणी करावी.

त्यानंतर संधी मोजाव्यात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. सिंगल-ए संघ हंगामात 132 सामने खेळतो. एका सामन्यात संघाचे फलंदाज साधारण 38 वेळा प्लेटवर, म्हणजे फलंदाजीला येतात, म्हणजे हंगामात सुमारे 5,000 संधी होतात. घडत्या फलंदाजाला 450 संधी द्यायच्या ठरवल्या, तर एक संघ अकराच जणांना नीट खेळवू शकतो. पिचरांचेही तसेच आहे: मंगळवार ते रविवार सहा सामन्यांच्या आठवड्यात प्रत्येकाने एकदाच सामन्याची सुरुवात करायची म्हटले, तर संघात सुरुवातीच्या पिचरांना सहाच जागा राहतात. आपल्या क्लबाच्या प्रत्येक पायरीवर हा हिशोब मांडावा. जेथे आश्वासक खेळाडू बाकावर बसलेले दिसतील, तेथेच अडचण आहे असे समजावे.

जादा संघ परवडत नाही, हा खर्चाचा युक्तिवाद तपासून घ्यावा. खेळाडू आणि प्रशिक्षकांचे वेतन मुख्य क्लब देतो, तर मैदान आणि तिकीटविक्री स्थानिक मालकाकडे असते. 2023 च्या करारानुसार सिंगल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन 26,200 डॉलर ठरले. अशा 30 खेळाडूंचे मिळून 7,86,000 डॉलर होतात. त्याच वर्षी मेजर लीगमधील एका खेळाडूचे किमान वेतन 7,20,000 डॉलर होते. निवास, प्रवास, वैद्यकीय सेवा आणि प्रशिक्षक यांचा खर्च वेगळा धरला, तरी केवळ वेतन परवडत नाही हे म्हणणे मला पटत नाही. चांगले प्रशिक्षक मिळणे ही त्याहून खरी अडचण आहे.

माइक पियाझा 1988 मध्ये 62 व्या फेरीत निवडला गेला आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात पोहोचला, हे उदाहरण विस्ताराच्या बाजूने हमखास दिले जाते. एका उदाहरणावर विसंबू नये. उशिराच्या फेऱ्यांतून आपल्या क्लबाचे किती खेळाडू मेजर लीगपर्यंत गेले, हे वर्षानुवर्षे पाहावे. मात्र कच्च्या खेळाडूला तळाची पायरी लागतेच. पिट्सबर्ग पायरेट्सने 2008 मध्ये करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भारतीय पिचर 2009 मध्ये तळाच्या गल्फ कोस्ट लीगमध्येच खेळू शकले, आणि रिंकू तेथून सिंगल-ए पर्यंत चढला.

या सर्व कारणांनी मी ट्रिपल-ए किंवा डबल-ए येथे नव्हे, तर प्रशिक्षण संकुल आणि सिंगल-ए यांच्यामध्ये, पूर्वीच्या न्यूयॉर्क-पेन लीगसारख्या छोट्या हंगामाच्या एका संघाची आणि त्यासोबत राखीव यादीत पुरेशा वाढीव जागांची बाजू घेईन. संलग्न संघांचे परवाने 2021 पासून दहा वर्षांचे आहेत आणि खेळाडूंचा करार 2027 च्या हंगामापर्यंत चालतो; त्यामुळे यादीचा मुद्दा आधी खेळाडूंच्या वाटाघाटीत मांडावा आणि नव्या संघाचा मुद्दा परवान्यांच्या नूतनीकरणासाठी तयार ठेवावा.