कॉइल तोडून बिल कमी होत नाही: शेगडी, रॉड आणि इन्व्हर्टरच्या या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका यंत्रमाग कामगाराने माझ्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर विजेची शेगडी आणून ठेवली. प्लगची एक पिन काळीठिक्कर, आणि वायर वितळून प्लगलाच चिकटलेली. "अण्णा, बिल कमी यावं म्हणून कॉइल थोडी तोडून टाकली. लहान कॉइल कमी करंट खाणार ना? मग वायर जळली कशी?"

मी मल्टिमीटर लावला. २००० वॅटच्या कॉइलला २६ ओहमच्या (ओहम म्हणजे अडथळ्याचं माप) आसपास आकडा दिसायला पाहिजे. त्याच्या कॉइलला २३ दिसला. म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा गायब.

त्याचा हिशेब चुकला तिथेच बहुतेकांचा चुकतो. कॉइलची तार हा करंटच्या वाटेतला अडथळा आहे. तार तोडली की अडथळा घटतो आणि करंट वाढतो. घरचा व्होल्टेज २३० धरा. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. याला कॉइलच्या ओहमने भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. २६.५ ने भागलं तर २०००, २३ ने भागलं तर २३००. करंट पावणेनऊ अँपिअरवरून दहावर गेला, आणि शेगडी लावलेली होती पंख्याच्या बोर्डावरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. खरं तर कॉइल तोडायच्या आधीही तो सॉकेट तिला पुरत नव्हताच. हजार वॅटच्या वर काहीही असेल तर सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग पाहिजेच. यात घासाघीस नाही.

तुटलेल्या कॉइलला गाठ

दूध ऊतू गेलं, कॉइलवर सांडलं, महिन्याभरात तिथेच तार तुटली, ही कहाणी माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येते. मग घरचे काय करतात, तर दोन्ही टोकं पक्कडीने पिळून गाठ मारतात. शेगडी चालू होते, म्हणून दुरुस्त झाली असं वाटतं. पण गाठीत दोन तारा नीट टेकत नाहीत. तेवढ्याच जागी उष्णता साठते, तार काळी पडते, टेकणं आणखी बिघडतं आणि पुन्हा तिथेच तुटते. दर वेळी गाठीत थोडी तार खर्ची पडते, म्हणजे दर वेळी वॅट वाढतात. तीन गाठींची शेगडी मूळ शेगडी राहिलेलीच नसते.

नवी कॉइल टाकतानाही ओढाताण नको. मी आधी सुतळी चिनीमातीच्या प्लेटच्या खाचेतून फिरवून लांबी घेतो, मग कॉइलची दोन्ही टोकं धरून तेवढ्याच लांबीपर्यंत सावकाश, एकसारखी ताणतो. एका जागी वेटोळे खेटून बसले की तिथे लालभडक होतं आणि बाकीची कॉइल मळकट दिसते. पेटवल्यावर रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे.

आणि उघड्या कॉइलवर भाकरीचा लोखंडी तवा टेकवणाऱ्या अक्कांना हात जोडून सांगतो, ती तार चालू करंटची आहे. तवा तिला टेकला की तव्यात करंट. कडक भाकरीसाठी बंद प्लेटची शेगडी घ्या.

व्होल्टेज कमी, म्हणून मोठी कॉइल

एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी सगळे कूलर एकदम चालू होतात. लाइनच्या शेवटच्या घरांत व्होल्टेज १९० वर आला की २००० वॅटची शेगडी जेमतेम १३६५ वॅट देते. व्होल्टेज सतरा टक्के पडला, पण उष्णता बत्तीस टक्के घटली, कारण हिशेबात व्होल्टचा वर्ग आहे. गिऱ्हाईक म्हणतं कॉइल कमजोर झाली, अडीच हजारांची टाका. टाकली, तर संध्याकाळी तिचे १७०० मिळतात आणि सगळे खूश. पहाटे व्होल्टेज २४० झाला की तीच कॉइल २७०० च्या वर जाते. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडते, किंवा ती पडली नाही तर वायर वास मारते. कॉइल बदलायच्या आधी टेस्टर नको, मीटर लावून व्होल्टेज बघा. टेस्टर पेटतो एवढ्यावरून काहीच कळत नाही.

याच्या उलटी तक्रारही येते: "दोन कॉइल टाकल्या, तरी तापत नाही." उघडून बघितलं तर दोन्ही सिरीजमध्ये, एकीचं शेपूट दुसरीला. हजार-हजार वॅटच्या दोन कॉइल अशा जोडल्या की दोघी मिळून पाचशेच वॅट देतात. दोन्हींना स्वतंत्र फेज आणि न्यूट्रल दिलं तर दोन हजार.

बादलीतला रॉड

नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे अंघोळीला बोअरचं. त्यात क्षार, आणि रॉडवर पांढरा थर. लोक म्हणतात, थर बसला की रॉड जास्त करंट खातो. नाही खात. करंट तेवढाच असतो, पण आतली उष्णता थरातून पाण्यात लवकर उतरत नाही. नळीच्या आतली कॉइल तापत राहते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. प्लग काढून रॉड लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवा, थर सुटतो. सुरीने खरवडू नका.

छोटा रॉड घेतला तर बिल वाचेल का, हाही रोजचाच प्रश्न. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर वीज लागते. १५०० वॅटचा रॉड ते काम वीसेक मिनिटांत करतो, हजाराचा अर्ध्या तासात. युनिट जवळपास तेवढेच. वाचवायचे असतील तर बादलीवर झाकण ठेवा.

हल्ली एखादा पोरगा ई-सिगारेटच्या कॉइलचं विचारतो. सूत्र तेच आहे. ३.७ व्होल्टला अर्धा ओहम म्हणजे २७ वॅट, आणि बोटाएवढ्या बॅटरीतून सात अँपिअरच्या वर करंट. ओहम कमी केले की वाफ जास्त आणि बॅटरी लवकर खलास. पण २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे तिची विक्री आणि साठवणूकही बंद आहे, त्यामुळे ती माझ्या टेबलावर येऊ देत नाही.

इन्व्हर्टरवर कॉइल: इथे हिशेब बदलतो

लाइनवर वॅट कमी-जास्त झाले तर फक्त वेळ बदलतो, हे वर सांगितलं. बॅटरीवर तसं नाही. बॅटरी किती घाईने वापरली, यावर ती एकूण किती देणार ते ठरतं.

१५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी म्हणजे १५० अँपिअर एक तास, असा समज आहे. तो आकडा वीस तासांच्या हिशेबाने लिहिलेला असतो, वीस तास सतत साडेसात अँपिअर काढले तर. आता एखाद्याने लाइट गेल्यावर बाळाचं दूध गरम करायला पाचशे वॅटची छोटी शेगडी लावली. १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरची तूट धरून, पन्नास अँपिअरच्या वर ओढ लागली. कागदावर पावणेतीन तास चालायला पाहिजे, प्रत्यक्षात दोन तासांच्या आतबाहेरच. बाकीचा माल आत असतो, पण एवढ्या घाईने बाहेर येत नाही. हजार वॅट लावले तर शंभरच्या वर अँपिअर. ९०० व्हीए क्षमतेचा इन्व्हर्टर बहुतेक ओव्हरलोड दाखवून बंदच पडतो, आणि तो बंद पडला तर नशीब समजा. दोन पंखे आणि चार एलईडीला तीच बॅटरी बरेच तास पुरते.

काही वेळा कॉइलचा काहीच दोष नसतो. एक मामा आले होते, "नवीन बॅटरी, फुल्ल चार्ज, मिक्सर लावला की लो बॅटरी." घरी जाऊन बघितलं तर टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशी आणि नट बोटाने फिरत होता. एका ढिल्या सांध्याचा ओहमचा शंभरावा भाग अडथळा धरा. साठ अँपिअरला तिथेच ०.६ व्होल्ट जातो, बारापैकी. इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुतलं, पाणी आत जाऊ न देता. कोरडं केलं, नट आवळला, वर पेट्रोलियम जेली. मिक्सर चालला. मामांनी पैसे विचारले तेव्हा शेंगाचटणीचा पुडा पुढे केला, तोच घेतला.

बॅटरी कुठे ठेवलीय तेही बघा. मामांची गच्चीवर पत्र्याखाली होती, आणि मे महिन्यात तिथे हात टेकवत नाही. तापमान वाढेल तसं शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होत जातं. जिन्याखाली, हवा खेळेल अशी सावलीची जागा बघून ती खाली आणली. पाण्याची पातळी घटली होती, डिस्टिल्ड वॉटर घातलं. ते अ‍ॅसिडची बाटली घेऊनच उभे होते, ती परत दुकानात द्यायला लावली.