इमेज परत टाकली, पण विंडोज सुरू होईना: माझा अनुभव

जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) न्यायचं असेल, तर इंदूरच्या जेल रोडवर ती घेताना क्षमता नीट पाहून घ्या. जुनी डिस्क २५६ जीबीची असेल तर २४० जीबीवर क्लोनझिलाची (डिस्कची हुबेहूब नक्कल घेणारं सॉफ्टवेअर) इमेज, म्हणजे ती नक्कल, बसत नाही, मग आत डेटा ६० जीबीच का असेना. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. (दुकानदार "चल जाएगा" म्हणतो, चालत नाही.)

इमेज घेण्याआधी अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. त्याने फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून ते पूर्ण बंद न करणारी सोय) बंद होतो. तो चालू राहिला तर विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन (डिस्कचा तो भाग) वाचायला नकार देतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा.

माझं घोडं अडलं ते फक्त सी ड्राइव्हची इमेज घेतल्यामुळे. बूटची फाइल सी वर नसतेच. ती साधारण १०० एमबीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये असते. म्हणून पूर्ण डिस्कचीच इमेज घ्यावी. आता झालंच असेल आणि नव्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन असेल, तर विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथे डिस्कपार्टमध्ये (पार्टिशन हाताळायची कमांड) ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्या, बाहेर या आणि 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय' चालवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर सी चं अक्षर कधी कधी डी होतं, ते आधी तपासा.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं.