जुना हवामान डेटा फुकट मिळतो, पण आधी यादी वाचा

"मॅडम, चाळीस वर्षांचा रोजचा पाऊस कुठे मिळेल?" मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रकल्पाचे दिवस आले की हा प्रश्न ठरलेला. कुणी तर एखाद्या साइटला पैसे मोजायच्या बेतात असतं. त्याला मी आधी थांबवते, कारण तोच डेटा बऱ्याचदा फुकट पडलेला असतो.

माझा पहिला थांबा म्हणजे जीएचसीएन-डेली, जगभरच्या हवामान केंद्रांच्या (स्टेशनांच्या) रोजच्या नोंदींचा संग्रह. अमेरिकेतल्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेचा एनसीईआय हा विभाग तो सांभाळतो. १८० देश-प्रदेशांतली एक लाखाहून जास्त स्टेशनं त्यात आहेत. रोजचं कमाल-किमान तापमान, पाऊस, बर्फ असं सगळं मिळतं. खातं उघडावं लागत नाही, साधे फोल्डर आणि फायली असतात.

लगेच डेटाच्या फायलीवर झडप घालू नका. आधी दोन छोट्या मजकूर फायली उतरवा: 'स्टेशन्स' आणि 'इन्व्हेंटरी'. पहिलीत प्रत्येक स्टेशनचा अकरा अक्षरी कोड, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि नाव असतं. दुसरीत त्या स्टेशनवर कोणता घटक कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोंदला गेला, ते असतं. अर्धं काम या दुसऱ्या फायलीतच होतं. कित्येक स्टेशनं फक्त पाऊस मोजतात. तिथे तापमान शोधत बसलात तर दुपार वाया जाईल.

कोडची पहिली दोन अक्षरं देशाची, पण ती आपल्या ओळखीची नेहमीची अक्षरं नसतात. इथे 'एएस' म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि 'एयू' म्हणजे ऑस्ट्रिया. 'सीएच' म्हणजे चीन. स्वित्झर्लंड हवं असेल तर 'एसझेड' बघा. देशांची यादी त्याच फोल्डरमध्ये आहे, ती शेजारी उघडी ठेवा.

हव्या त्या जागेजवळची तीन-चार स्टेशनं निवडा आणि अंतराबरोबर उंचीही बघा. वीस किलोमीटरवरचं स्टेशन ८०० मीटर उंच असेल तर तापमानात साधारण पाच अंशांचा फरक पडू शकतो. मी अशा वेळी लांबचं, पण बरोबरीच्या उंचीवरचं स्टेशन घेते.

आता डेटा. एक फोल्डर वर्षावार, एक स्टेशनवार. स्टेशनवार घ्या. वर्षावार फाइल साऱ्या जगाची असते, आणि एक्सेल १०,४८,५७६ ओळींच्या पुढे काही दाखवत नाही. उरलेलं जग कापलं जातं आणि उघडणाऱ्याला वाटतं, आपल्या स्टेशनचा डेटाच नाही.

फाइल उघडली की अशी ओळ दिसते: स्टेशनचा कोड, १९८७०७१४ (तारीख: १४ जुलै १९८७), पीआरसीपी (म्हणजे पाऊस), ६३५. घाबरू नका, ६३५ मिलिमीटर पाऊस झालेला नाही. पावसाचे आकडे मिलिमीटरच्या दहाव्या भागात लिहिलेले असतात, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. तापमानाचंही तसंच, ३४५ म्हणजे ३४.५ अंश सेल्सिअस. दहाने भागणं विसरलेला आलेख मी दरवर्षी एक तरी तपासते.

एक गंमत बघा. काही स्टेशनांच्या हलक्या पावसाच्या नोंदींत ३, ५, ८, १०, १३ हेच आकडे फिरून फिरून येतात. ४, ६ किंवा ७ कधीच नाही. तिथला माणूस इंचाच्या शंभराव्या भागात मोजत होता आणि नंतर कुणीतरी त्याचे मिलिमीटर केले. अशा स्टेशनवर एक दशांश मिलिमीटरच्या अचूकतेच्या गप्पा मारू नयेत.

आकड्याच्या पुढे खुणांचे तीन रकाने असतात आणि लोक ते सरळ उडवतात. त्यातला मधला गुणवत्तेचा. तिथे एखादं अक्षर असेल तर तो आकडा तपासणीत नापास झालाय. नापास आकडा फायलीतून काढलेला नसतो, फक्त खूण केलेली असते, काढायचा तुम्ही. पहिल्या रकान्यातला 'टी' म्हणजे थेंबभर पाऊस, मोजण्याइतका नाही. आणि 'एमडीपीआर' नावाचा घटक दिसला तर ती अनेक दिवसांची एकत्र बेरीज: पाऊस मोजणारा सुट्टीवर होता, आल्यावर भांडं एकदम मोजलं.

आणि हरवलेले दिवस. मी स्वतः इथे तोंडावर आपटलेय. एका ओळीत अख्खा महिना असलेल्या फायलींत न मिळालेल्या दिवसासाठी वजा ९९९९ लिहितात (प्रत्येक महिन्याला ३१ खाने असल्यामुळे ३० फेब्रुवारीलाही!). ते आकडे नकोत म्हणून मी सगळीकडे शून्य भरलं आणि मला एक भीषण दुष्काळ सापडला. दोन दिवस मी त्याची कारणं शोधत होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यातले तीन महिने नोंदलेच गेले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक वर्षातले हजर दिवस आधी मोजते. पावसाच्या महिन्यात तीनपेक्षा जास्त दिवस गायब असतील तर तो महिना बाद. इन्व्हेंटरीत '१९०१ ते २००५' असं दिसलं तरी मध्ये वीस वर्षांचं भगदाड असू शकतं.

तासातासाचा डेटा हवा असेल तर नोआचाच आयएसडी हा संग्रह बघा, पण वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. विमानतळांच्या नोंदींसाठी आयोवा एन्व्हायर्नमेंटल मेसोनेट ही साइट सोपी पडते. जीएसओडी (नोआचाच रोजच्या गोषवाऱ्यांचा संग्रह) वापरलंत तर तापमान फॅरनहाइटमध्ये, पाऊस इंचात, आणि न मिळालेला पाऊस ९९.९९ असा लिहिलेला असतो. तोही बेरजेत जाऊ देऊ नका. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या हवामान खात्यांच्या साइटवर त्यांच्या स्टेशनांचा डेटा थेट मिळतो.

एखादी साइट नकाशावर कुठेही बोट ठेवलं तरी डेटा देत असेल, तर तो बहुधा स्टेशनचा नसतो. ईआरए५ हे त्यातलं मोठं नाव: १९४० पासूनचा, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींचा, हवामानाचं संगणकी मॉडेल आणि निरीक्षणं मिळून तयार केलेला. कामाचा आहे, पण अहवालात त्याला 'केंद्राची नोंद' म्हणू नका.

उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, दुरुस्त्या प्रतीवर करा, आणि शेजारी एका मजकूर फायलीत तारीख आणि आवृत्ती लिहा. जुने आकडेही मागाहून दुरुस्त होत असतात. सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा उतरवली आणि बेरीज जुळली नाही, तर चूक कुठली हे त्या दोन ओळींवरूनच कळतं.