घरपट्टी भरण्याआधी आकारणी तपासा

घरपट्टीचं बिल आलं की नजर जाते शेवटच्या रकमेवर. खरी चूक मात्र आकारणीच्या नोंदीत असते आणि ती दरवर्षी नव्या बिलात उतरत राहते. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या हद्दीत घर असेल, तर आधी आकारणीचा उतारा काढा आणि टेप घेऊन घर स्वतः मोजा.

शहरात कर घराच्या धरलेल्या भाड्यावर ठरतो. हिशोब उदाहरणानं पाहू. घर ६० चौरस मीटर आणि धरलेला भाडेदर चौरस मीटरला महिना २० रुपये, तर वार्षिक भाडेमूल्य १४,४००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य १२,९६०. सामान्य कर, वृक्ष कर, शिक्षण कर यांची टक्केवारी यावरच लागते. मोजणीत ६ चौरस मीटर जास्त धरले, तर करयोग्य मूल्य सरळ दहा टक्क्यांनी वाढतं. उतारा चौरस फुटांत असेल, तर १०.७६ नं भागा.

बिलात रोजगार हमी कर दिसला तर लगेच चौकशी करा. तो फक्त बिगरनिवासी वापरावर असतो. पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल, तर तेवढीच खोली बिगरनिवासी धरायला हवी, अख्खं घर नाही.

गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा (तलाठ्याचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा). इथे कर भांडवली मूल्यावर असतो: जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा (जुनेपणामुळे किमतीत होणारी घट) आणि वापराचा भारांक (घर की दुकान, यानुसार लागणारा गुणक). आपल्या खानदेशात नेमकी इथेच गफलत होते. मातीचं धाब्याचं घर स्लॅबचं म्हणून नोंदलं, तर बांधकामाचा दर आणि कराचा दर दोन्ही वरचे लागतात. बांधकामाचं वर्ष चुकलं, तर जुन्या घराला घसारा कमी मिळतो.

चूक सापडली तर आकारणीच्या नोटिशीतल्या मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. सोबत मोजमापाचा नकाशा, फोटो आणि वीजबिल जोडा. पोच घेतल्याशिवाय परतू नका. महापालिकेच्या आकारणीविरुद्ध पुढे न्यायालयात अपील करायचं, तर आधी हरकत घेतलेली आणि कराची रक्कम भरलेली असावी लागते.

हरकत दिली म्हणून बिल थांबवू नका. शहरात थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती लागते. १०,००० रुपये थकले तर वर्षाला २,४०० रुपये जादा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना राज्याच्या योजनेतून घरपट्टी माफ होते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

घर विकत घेतलं असेल तर दस्तनोंदणीपासून तीन महिन्यांत महापालिकेला कळवा, वारसाहक्कानं आलं असेल तर मृत्यूपासून एका वर्षात.