एजंटला क्वेरी पाठवताना, आणि उत्तर येत नसताना

इंग्रजीत लिहिलेली कादंबरी अमेरिका-ब्रिटनमधल्या मोठ्या प्रकाशकांपर्यंत न्यायची तर मधे साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांना पुस्तक विकणारा मध्यस्थ, लागतोच, कारण हे प्रकाशक लेखकाने थेट पाठवलेलं हस्तलिखित सहसा बघत नाहीत. एजंटला पाठवायच्या पत्राला क्वेरी म्हणतात. पूर्वी निदान ‘साभार परत’चं छापील पत्र यायचं, आता बऱ्याचदा काहीच येत नाही. कित्येक एजन्सी तसं नियमांतच लिहून ठेवतात: सहा, आठ किंवा बारा आठवड्यांत कळवलं नाही तर नकार समजावा. त्यामुळे क्वेरी अशा पद्धतीने पाठवायला हव्यात, की आलेल्या उत्तरांइतकंच न आलेल्या उत्तरांवरूनही काही कळेल.

पाठवण्याआधी

कादंबरी पूर्ण झालेली आणि दुरुस्त केलेली हवी. ललितेतर पुस्तकासाठी प्रस्ताव आणि दोन-तीन नमुना प्रकरणं पुरतात. कादंबरीला ही सवलत नाही. लांबी तपासा. प्रौढांसाठीची पहिली कादंबरी साधारण ८० हजार ते १ लाख शब्दांची असावी, फँटसी किंवा विज्ञानकथा असेल तर १ लाख २० हजारांपर्यंत चालते. पावणेदोन लाखांचा आकडा दिसला की पुष्कळ एजंट पत्र पुढे वाचतच नाहीत.

पत्र २५० ते ३५० शब्दांत बसवा. त्यात कथेचा गाभा दोन-तीन परिच्छेदांत, मग शीर्षक, प्रकार आणि शब्दसंख्या, गेल्या तीन ते पाच वर्षांतली तुलनेची दोन पुस्तकं आणि शेवटी स्वतःबद्दल दोन ओळी. तुलनेसाठी जगप्रसिद्ध पुस्तक घेऊ नका. तुमचा वाचक आज कोणतं पुस्तक विकत घेतो, एवढंच एजंटला जाणून घ्यायचं असतं.

बहुतेक पत्रं फसतात ती गाभ्याच्या परिच्छेदात. ‘ही कादंबरी निष्ठा, अपराधभाव आणि नात्यांची गुंतागुंत उलगडते’ हे वाक्य हजार कादंबऱ्यांना लागू पडेल. त्याऐवजी असं लिहा: ‘नोरा धरणाच्या भिंतीची तपासणी करते. तिला भिंतीत तडा सापडतो. अहवाल दिला तर वीस वर्षांपूर्वी हीच भिंत सुरक्षित ठरवणारा तिचा बाप तुरुंगात जाणार. नाही दिला तर पावसाळ्यात खालचं गाव धोक्यात.’ कोण आहे, तिला काय हवंय, आड काय येतंय आणि चुकलं तर काय जाणार, या चार गोष्टी दिसल्या की पत्र उभं राहतं. शेवट मात्र इथे सांगायचा नाही. तो सारांशात, म्हणजे संपूर्ण कथानकाच्या वेगळ्या गोषवाऱ्यात येतो, आणि तिथे तो लपवायचा नाही.

पत्रासोबत काय जोडायचं ते प्रत्येक एजंटच्या वेबसाइटवरच्या पानावर दिलेलं असतं. अमेरिकेत साधारणपणे पत्र आणि पहिली पाच-दहा पानं मेलच्या मजकुरातच चिकटवायला सांगतात आणि जोडलेली फाइल पुष्कळ जण उघडत नाहीत. ब्रिटनमध्ये पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मागण्याची पद्धत आहे. वर्डमधून मजकूर चिकटवला की परिच्छेद फाटतात, अक्षरांचा आकार मधेच बदलतो. म्हणून आधी साध्या मजकुरात उतरवून घ्या, स्वतःलाच एक मेल पाठवा आणि तो फोनवरही उघडून बघा.

तुकड्या पाडून पाठवा

एकाच वेळी अनेक एजंटना पाठवणं रीतसर आहे, मात्र प्रत्येकाला वेगळा मेल, त्याच्या नावाने. एका एजन्सीत एका वेळी एकालाच. काही एजन्सींत एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार धरतात, तेव्हा तिथला योग्य माणूस आधी शोधा. यादीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी पाठवून टाकण्याचा मोह आवरा. पत्रात दोष असेल तर सगळी दारं एकदम बंद होतात, आणि सुधारलेलं पत्र दाखवायला कुणीच उरत नाही.

सहा ते आठ जणांची तुकडी करा. त्यात लवकर उत्तर देणारे दोन-तीन जण हवेतच. कोण किती दिवसांत उत्तर देतो याच्या नोंदी क्वेरीट्रॅकर या वेबसाइटवर सापडतात. मग तक्ता करा: एजंट, एजन्सी, पाठवल्याची तारीख, पत्राची कितवी आवृत्ती, किती पानं जोडली, आणि ‘बंद समजण्याची तारीख’. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नियमांत मुदत दिली असेल तर ती लिहा, नसेल तर बारा आठवडे धरा. ती तारीख उलटली की ओळ बंद करा आणि यादीतलं पुढचं नाव घ्या.

एकट्या एजंटच्या मौनातून काही कळत नाही. बऱ्याच एजंटना पगार नसतो. त्यांची कमाई विकलेल्या पुस्तकांच्या कमिशनवर, त्यामुळे हातातल्या लेखकांची कामं आधी आणि क्वेरी उरल्या वेळात. पण आख्ख्या तुकडीचं मौन बोलकं असतं. आठांपैकी एकानेही हस्तलिखित मागितलं नाही तर पत्र, शब्दसंख्या किंवा पहिली पानं यांत खोट आहे. दुरुस्त केल्याशिवाय दुसरी तुकडी पाठवू नका. पूर्ण हस्तलिखित मागवून नकार येत असतील तर पत्राला हात लावू नका, पुस्तकाकडे वळा. दोन-तीन जणांनी एकच कारण दिलं तर ते खरं माना.

वाट बघताना

नुसत्या क्वेरीवर आठवण करून द्यायची ती नियमांत परवानगी असेल तरच. पूर्ण हस्तलिखित मागवलेलं असेल तर तीन महिन्यांनी जुन्याच मेलच्या साखळीत दोन ओळी लिहा: अमुक तारखेला पाठवलं होतं, अजून विचाराधीन आहे का? नकाराला उलट उत्तर देऊ नका, कारण विचारू नका. आणि स्पॅम फोल्डर आठवड्यातून एकदा बघा.

ही वाट बघणं माणसाला खरोखर पोखरतं. क्वेरीसाठी वेगळा मेल-पत्ता उघडा, फोनवरच्या सूचना बंद ठेवा आणि तो पत्ता दिवसातून एकदाच, लिहिण्याची वेळ संपल्यावर उघडा. एजंटने समाजमाध्यमांवर काय टाकलं यावरून आपल्या पुस्तकाचं भविष्य वाचत बसू नका. पुढचं पुस्तक सुरू करा, मात्र याच मालिकेचा दुसरा भाग नको. पहिला विकला गेला नाही तर तोही अडकून पडेल.

या काळात मन हळवं झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच गोड शब्दांत स्वतःहून मेल येतात. खरा एजंट वाचनाचे किंवा संपादनाचे पैसे मागत नाही. त्याचं कमिशन देशांतर्गत विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर साधारण २० टक्के असतं, तेही पुस्तक विकलं गेल्यावर. आधी पैसे मागणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

होकार आला तर

लगेच हो म्हणू नका. दोन आठवड्यांची मुदत मागा आणि ज्यांच्याकडे क्वेरी किंवा हस्तलिखित अजून आहे त्या सगळ्यांना त्याच दिवशी कळवा. मेलच्या विषयातच ‘प्रतिनिधित्वाचा प्रस्ताव आला आहे’ असं लिहा. महिनोन्‌महिने गप्प असलेले एजंटही या मेलला पुष्कळदा लगोलग उत्तर देतात. दरम्यान प्रस्ताव देणाऱ्याकडून कराराचा मसुदा मागून घ्या. करार मोडायची नोटीस किती दिवसांची आहे, ३० दिवसांची की त्याहून जास्त, आणि आधी विकलेल्या हक्कांवरचं कमिशन करार संपल्यावर कुणाकडे राहतं, ही दोन कलमं सही करण्यापूर्वी नीट वाचा.